मागचं फाटक आणि मुठाकाठ

स्मरणिका समितीतली मुलं (वयं चाळिशीची, पण मला मुलंच) घरी आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही जुने पुणेकर. आपल्या भागाच्या इतिहासावर काहीतरी लिहा." मी म्हटलं, इतिहासावर लिहायला मी काही इतिहाससंशोधक नव्हे. पण आपल्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे जी वाहते, तिच्याविषयी थोडं वाचलंय आणि बरंच पाहिलंय. मुठा नदी. तिच्यावर लिहितो.

विषय म्हटला तर हलकाफुलका आहे. पुण्याच्या माणसांनी आपल्या नदीवर मजा कशी केली? पोहणं, नाव वल्हवणं, वाळूत बसणं, पूर बघायला जाणं. पण लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की हा प्रश्न आपल्या सोसायटीच्या गेल्या वर्षीच्या एका ठरावापर्यंत येऊन पोचतो. त्या ठरावाला हात वर करणाऱ्यांत मीही होतो. त्यामुळे हा लेख थोडा कबुलीजबाबही आहे.

आधी घाट, मग गंमत

मुठा ही सह्याद्रीतून येणारी नदी. आंबी आणि मोसी या दोन नद्या तिला वरच मिळतात, आणि खडकवासल्याहून ती आपल्या भागात उतरते. विठ्ठलवाडी, म्हात्रे पूल, लकडी पूल, ओंकारेश्वर असं करत ती संगमावर मुळेला भेटते. पुढे तिचं नाव मुळा-मुठा होतं आणि शेवटी ती भीमेला मिळते. म्हणजे आपल्या मागच्या बाजूने जाणारं पाणी पंढरपूरला चंद्रभागेत जातं. आजीला हे सांगितलं की ती लगेच नदीच्या दिशेनं हात जोडायची.

पेशवाईत नदीचं मुख्य काम धार्मिक होतं. स्नान, संध्या, श्राद्ध, अंत्यविधी. ओंकारेश्वर अठराव्या शतकातला, आणि चिमाजी अप्पांची समाधी त्याच आवारात आहे. नानासाहेब पेशव्यांची समाधीही मुठेच्याच काठी. लकडी पुलाची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. १७६१ च्या पानिपतानंतर परतणाऱ्या सैन्याला भर पेठेतून मान खाली घालून यायला लागू नये म्हणून पेशव्यांनी हा पूल बांधवला, असं सांगतात. तेव्हा तो खरोखर लाकडी होता. आजचा पूल दगडी आहे आणि त्याचं कागदोपत्री नाव छत्रपती संभाजी पूल, पण पुणेकराच्या तोंडी लकडी पूलच.

मग पेशवे नौकाविहार करत नव्हते का? करत होते, पण नदीत नाही. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेबांनी आंबील ओढ्याचं पाणी अडवून तळं करवलं, तिथे नाव फिरायची. त्याच तळ्यातल्या बेटावर १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत गणपती बसवला, तो आपला तळ्यातला गणपती. पुढे तळं गेलं आणि तिथे सारसबाग आणि पेशवे पार्क आलं.

तळं का करावं लागलं, तर मुठेचा स्वभाव तसा होता म्हणून. चार महिने दोन्ही थडी भरून वाहायची आणि उन्हाळ्यात मधे एक धार, बाकी खडक आणि वाळू. ज्या नदीत वर्षातले सहा महिने नाव टेकते, तिथे विहार कसला करणार? म्हणून पुणेकराची नदीवरची मजा पाण्यापेक्षा पात्रातच जास्त झाली. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

बंधारा, बँड आणि मशाली

नदीला वर्षभर पाणी ठेवण्याचा उद्योग केला तो इंग्रजी अमदानीत, आणि त्याला मोठी देणगी दिली ती मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई यांनी. संगमाच्या खालच्या अंगाला येरवड्यापाशी १८५० च्या सुमारास बंधारा पुरा झाला. हेतू होता लष्कर भागाला पाणी पुरवण्याचा. पण पाणी अडलं की माणसं जमतातच. बंधाऱ्याशेजारी बाग झाली, तिचं नाव पडलं बंडगार्डन. (लहानपणी मला वाटायचं की तिथे कोणीतरी बंड केलं असणार!) तिथे संध्याकाळी लष्कराचा बँड वाजायचा, घोडागाड्या उभ्या राहायच्या. आता त्या बागेचं नाव महात्मा गांधी उद्यान. शेजारचा सिंहांचे पुतळे असलेला जुना पूलही त्याच शतकातला.

१८६८ मध्ये याच साठलेल्या पाण्यावर साहेब लोकांनी रोशरव्हिल नावाचा बोट क्लब काढला. तोच पुढे रॉयल कनॉट बोट क्लब झाला. बोट क्लब रोड हे नाव त्याचंच. अर्थात तेव्हा तिथल्या वल्ह्याला आपल्यासारख्यांचा हात लागणं शक्य नव्हतं.

आपल्या लोकांच्या हातात वल्हं आलं ते इंजिनिअरिंग कॉलेजमुळे, म्हणजे सीओईपीमुळे. कॉलेज १८५४ चं आणि अगदी संगमाजवळ. १९२८ पासून तिथल्या विद्यार्थ्यांचा 'रेगाटा' सुरू झाला. मी कॉलेजात असताना (मी त्या कॉलेजात नव्हतो, मार्कांनी साथ दिली नाही!) आम्ही चौघं मित्र सायकली काढून रेगाटा बघायला गेलो होतो. एक एक माणूस बसेल अशा निमुळत्या होड्या, त्यांना कयाक म्हणतात. अंधार पडल्यावर त्या होड्यांतून मुलं हातात मशाली घेऊन निघाली आणि पाण्यावर पेटत्या बाणाचा आकार तयार झाला. काठावर शेकडो माणसं एकदम गप्प. दर वर्षी नवी मुलं येतात, वरच्या वर्षाची मुलं त्यांना शिकवतात आणि हे असं जवळजवळ शंभर वर्षं चालत आलंय. आता त्यांना सरावाआधी जलपर्णीशी झगडावं लागतं, नाकाला रुमाल लावावा लागतो. तरी ती मुलं पाण्यात उतरतात. पुण्यात नदीच्या पाण्याचा रोजचा अनुभव असलेले जे थोडे लोक उरलेत, त्यांत ही मुलं आहेत.

डबा बांधून

आता माझ्याकडे येतो. माझा जन्म १९५० चा, नारायण पेठेतल्या वाड्यात. गल्ली उतरली की नदी. त्या काळी पोहायला शिकणं ही वेगळी शिकवणी नव्हती. वाड्यातले एक दादा होते, तालमीत जाणारे. रविवारी सकाळी ते आम्हा पाच-सात पोरांना घेऊन नदीवर जायचे. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, तोंड डाखदिलेला. ज्यांच्या घरी जुनी रीत, त्यांच्या पाठीला वाळलेला भोपळा. दादा कंबरेला धरून पाण्यात सोडायचे आणि म्हणायचे, "हात मार, डबा आहे." चौथ्या-पाचव्या रविवारी ते तसंच म्हणाले आणि मी हात मारत पलीकडच्या खडकापर्यंत गेलो. मागे वळून बघतो तर डबा दादांच्या हातात. तो क्षण अजून आठवतो. भीती वाटायच्या आत मी पोहून झालो होतो.

पाणी कसं होतं, असं माझी नात विचारते. खरं सांगायचं तर अगदी काचेसारखं वगैरे नव्हतं. धोबी घाटावर कपडे धुवायचे, म्हशी डुंबायच्या. पण तळाचे गोटे दिसायचे आणि पायाला मासे लागायचे. पोहून झालं की खडकावर पालथं पडायचं, अंग वाळलं की घरी जायचं. आई कानशिलं हुंगून ओळखायची की स्वारी नदीवर गेली होती.

उन्हाळ्यात पात्र म्हणजे आमचं मैदान. विटीदांडू, लगोरी, पतंग. काठाला कोणी भाजीचे वाफे करायचे. पात्रात सर्कस उतरायची, सिंहाची डरकाळी वाड्यात अंथरुणात ऐकू यायची आणि आमची आजी म्हणायची, "बघा, न झोपणाऱ्या पोरांना शोधतोय." सोनं लुटून झाल्यावर दसऱ्याला, कोजागिरीला, संक्रांतीला कुणी ना कुणी नदीवर असायचंच. आणि अनंत चतुर्दशीला तर सगळं पुणंच.

पावसाळ्यात वेगळा कार्यक्रम, त्याचं नाव 'पाणी बघायला जाणं'. नदीला पाणी वाढलं की घरोघरची माणसं छत्र्या घेऊन लकडी पुलावर, नव्या पुलावर (म्हणजे १९२३ च्या लॉइड ब्रिजवर, आताचा शिवाजी पूल) जाऊन कठड्याला टेकून उभी राहायची. भाजलेलं कणीस खायचं, वाहत जाणारे ओंडके मोजायचे, आणि गेल्या वर्षी यापेक्षा जास्त होतं की कमी यावर वाद घालायचा. हा वाद पुणेकराने कधीही मिटवलेला नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांना कळायचं नाही की यात बघायचं काय. पण घरातल्या बायकांनाही कामं टाकून बाहेर पडायला हे एक हक्काचं निमित्त होतं.

१२ जुलै

१२ जुलै १९६१ ला सकाळी आम्ही पाणी बघायलाच निघालो होतो. त्याच सकाळी वर पानशेतचं धरण फुटलं. धरणाचं काम पुरतं झालेलं नव्हतं. ते पाणी खडकवासल्याच्या जुन्या धरणात आलं. हे धरण एकोणिसाव्या शतकातलं, दगडी. कर्नल फाइफ नावाच्या इंजिनिअरच्या नावावरून त्या जलाशयाला लेक फाइफ म्हणत. पुण्याला प्यायला पाणी आणि शेतीला कालवा देणारं ते धरणही त्या लोंढ्यापुढे फुटलं.

वडिलांनी आम्हाला पुलावरून मागे ओढलं. आई, आजी आणि आम्ही तिघं भावंडं सदाशिव पेठेत मामांकडे चालत गेलो. आईने घेतलं ते एवढंच: देवघरातला लंगडा बाळकृष्ण, रेशनकार्ड आणि चुलीवरचं भाताचं पातेलं. पाणी पुलांवरून गेलं, पेठांत शिरलं, आणि आमचा वाडा मातीचा होता, तो बसला. दोन दिवसांनी बघायला गेलो तेव्हा आमची खोली कुठली हे जिन्याच्या दगडी पायऱ्यांवरून ओळखलं. माझा पोहायचा डबा शेजारच्या पडक्या भिंतीत अडकलेला सापडला. मी तो घ्यायला गेलो तर वडिलांनी हातातून काढून फेकून दिला. म्हणाले, "आजपासून या घरात नदीचं नाव काढायचं नाही."

आणि खरंच काढलं नाही. मी अकरा वर्षांचा होतो. त्यानंतर मुठेच्या पाण्यात मी कधीही उतरलो नाही.

त्या पुराने पुणं बदललं. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वस्त्या वाढल्या आणि पूरग्रस्तांच्या सहकारी गृहरचना संस्था उभ्या राहिल्या. माझे वडील अशाच एका संस्थेचे सभासद झाले. महिन्याला किती हप्ता, वर्गणी कोणाची थकली, सभा किती वाजता, हे आमच्या घरी जेवताना बोललं जायचं. सहकारी सोसायटी म्हणजे काय हे मी पुस्तकातून शिकलो नाही, घर गमावलेल्या माणसांकडून शिकलो. आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवात मला ही गोष्ट सांगावीशी वाटली, कारण पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांचा पाया नदीने घातला आहे, जरा वेगळ्या अर्थाने.

पाठ कशी फिरली

पुढच्या वर्षांत पुणं नदीपासून लांब गेलं. केवळ पुराच्या धसक्याने नव्हे. पानशेत पुन्हा बांधलं, वरसगाव झालं, टेमघर झालं. शहराला पाणी मिळालं, शेतीला मिळालं, ते आवश्यकच होतं. पण धरणातून पाणी कालव्याने आणि नळाने जाऊ लागलं. पात्रात उरलं ते पावसाळ्यात सोडलेलं पाणी, आणि बाकीचे महिने शहराने सोडलेलं सांडपाणी. म्हणजे गंमत बघा. मुठेचंच पाणी आपण रोज पितो, त्यानेच आंघोळ करतो. फक्त ते नदीतून येत नाही, नळातून येतं. आणि वापरून झालं की नदीत जातं. म्हणून नदी आपल्याला भेटते ती आपलं वापरून झालेलं पाणी होऊनच.

पोहणारे तलावांकडे वळले. टिळक तलावावर माझ्या मुलांनी पोहणं शिकलं, फी भरून, टोपी घालून. नाटकवाले १९६८ ला उघडलेल्या बालगंधर्वला गेले. रंगमंदिर नदीला लागून, पण मध्यंतरात चहा घेताना नदीकडे किती जण बघतात? नदीपात्रातून रस्ता झाला. आम्ही जिथे विटीदांडू खेळायचो तिथून आता मोटारी जातात. भिडे पूल झाला आणि पाणी बघायला जाण्याच्या जुन्या छंदाचं नवं रूप निघालं: 'भिडे पूल पाण्याखाली' ही दर पावसाळ्याची बातमी. आता ती मोबाइलवरच बघतात, कणसाशिवाय.

आणि मजा? मजा माणूस सोडत नाही. ती वर सरकली, खडकवासल्याला. रविवारी संध्याकाळी धरणाच्या काठी भजी, कणीस, आणि पाण्याकडे तोंड करून बसलेली हजारो माणसं. त्यांच्यामुळे सिंहगड रस्त्यावर जी कोंडी होते तिला आपण सगळे शिव्या देतो. मीही देतो. पण कधीतरी रिक्षात अडकून बसलो की मनात येतं, ही माणसं काय मागतायत? संध्याकाळी पाण्याजवळ बसायला जागा. आणि ही नदी तर त्यांच्या घरांच्या मागूनच वाहते.

आपलं फाटक

आपल्या सोसायटीत आपण राहायला आलो तेव्हा मागच्या भिंतीत एक लोखंडी फाटक होतं. नव्या सभासदांना आणि पोरांना हे माहीत नसेल. त्यातून पायवाट खाली उतरायची, करंजाच्या झाडांमधून, थेट काठाला. सकाळी सहाला आम्ही आठ-दहा जण त्या वाटेने विठ्ठलवाडीच्या देवळापर्यंत चालत जायचो. आषाढी एकादशीला तिथे मोठी गर्दी होते हे सर्वांना ठाऊक आहे. पण एरवी सकाळी देऊळ, घाट आणि नदी एवढंच असायचं. बगळे, वंचक, पाणकावळे, लांब गुलाबी पायांचे शेकाटे. बी विंगमधल्या एक काकू पिशवीतून दुर्बीण आणायच्या आणि आम्हाला नावं सांगायच्या. मी आयुष्यात पहिल्यांदा खंड्याला मासा पकडताना पाहिलं ते त्या पायवाटेवर, वयाच्या पन्नाशीत.

सोसायटीची पहिली कोजागिरी आपण काठावर केली होती. दोन पातेली मसाला दूध, एक पेट्रोमॅक्स, आणि डासांमुळे तासाभरात पळ. तरी तो फोटो या स्मरणिकेत आहे, जरूर बघा. त्यातली कडेवरची बाळं आता नोकरीला लागली आहेत. सुरुवातीची काही वर्षं आपला गणपतीही त्याच फाटकातून विसर्जनाला जायचा. पुढे हौदात विसर्जन सुरू झालं, ते योग्यच होतं. वास वाढला, डास वाढले, फाटकातून भुरटे चोर येतात अशी तक्रार आली. मग फाटकाला कुलूप लागलं. कुलपाची किल्ली कोणाकडे आहे हे हळूहळू कोणालाच आठवेना.

मग २५ जुलै २०२४. त्या रात्रीबद्दल मी फार लिहीत नाही, आपण सगळ्यांनी ती पाहिली आहे. वर पाऊस, खडकवासल्यातून सोडलेलं हजारो क्युसेक पाणी, आणि सिंहगड रस्त्याच्या खालच्या अंगाला एकतानगरीत घराघरांत शिरलेलं पाणी. आपल्या पार्किंगमध्ये गुडघाभर. तळमजल्यावरच्या दोन घरांतलं सामान आपल्या पोरांनी खांद्यावरून वर नेलं, वॉचमनच्या कुटुंबाला सी विंगच्या टेरेसवरच्या खोलीत नेलं, आणि चार दिवस सगळ्यांचा स्वयंपाक क्लब हाउसमध्ये झाला. सोसायटी म्हणजे काय हे त्या चार दिवसांत कळलं.

त्यानंतरच्या सर्वसाधारण सभेत ठराव आला: मागची भिंत उंच करायची आणि फाटक काढून तिथेही भिंत घालायची. एकमताने मंजूर. मीही हात वर केला. घरी येताना जिन्यात थांबलो, दम लागला म्हणून असं मी नातीला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला माझे वडील आठवले, हातातून डबा काढून फेकणारे. त्रेसष्ट वर्षांनी मी तेच केलं होतं.

वडिलांचं चुकलं असं मी म्हणत नाही. ज्याचं घर नदीने नेलं त्याने दुसरं काय करावं? आणि तळमजल्यावरच्या सभासदांची भीती खरी आहे, त्यांच्या जागी मी असतो तर मीही भिंतच मागितली असती. पण सत्तर वर्षं नदीचा माणूस म्हणून मिरवल्यावर मला एक गोष्ट दिसते. ज्या काळात पुणेकर नदीवर मजा करायला जात होता, त्या काळात पाणी किती चढलंय, कुठे घाण पडतेय, कुठे भराव टाकलाय, हे गल्लीतल्या पोरालाही माहीत असायचं. रोज जाणाऱ्याला नदीची नाडी कळते. आम्ही जायचं सोडलं आणि मग तिच्यात काय टाकलं जातंय हे बघायलाही कोणी उरलं नाही. भिंतीने पाणी थोडं उशिरा येईल कदाचित. पण भिंतीने नदी दिसायची मात्र पूर्ण थांबते, आणि न दिसणारी नदी जास्त धोक्याची.

नदीकाठ सुधारण्याचा महापालिकेचा मोठा प्रकल्प चालू आहे, मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटरचा. मार्च २०२२ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं, आणि बंडगार्डनच्या बाजूला काम बरंच दिसतंही. त्यावर आपल्या कट्ट्यावर दोन तट आहेत. एकांना फिरायला जागा हवी, दुसऱ्यांना झाडं आणि पात्र जसंच्या तसं हवं. मला दोघांचंही ऐकून असं वाटतं, की काठाला दगड लावा किंवा झाडं लावा, आधी पाणी स्वच्छ व्हायला हवं. आणि पाणी स्वच्छ हवं असं ओरडून सांगणारी माणसं काठावर जाणारीच असतात.

एक विनंती

भिंतीचं काम दिवाळीनंतर सुरू व्हायचं आहे. मी समितीला लेखी विनंती दिली आहे आणि ती पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेऊ असं सेक्रेटरीसाहेबांनी सांगितलं आहे. विनंती एवढीच. भिंत उंच करा, माझी हरकत नाही. पण त्यात एक मजबूत, पाणी अडवणारं दार ठेवा. जून ते सप्टेंबर ते बंदच राहील. इतर महिन्यांत सकाळी सहा ते आठ उघडं, किल्ली वॉचमनकडे, नोंदवहीत सही करून. पार्किंगच्या खांबावर २५ जुलैच्या पाण्याची रेघ निळ्या रंगाने मारून ठेवा, तारखेसकट. म्हणजे उद्या आलेल्या भाडेकरूलाही कळेल की गाडी कुठे लावायची नाही. आणि धरणातून पाणी सोडल्याची सूचना आली की ती आपल्या ग्रुपवर टाकायचं काम एकाच ठरलेल्या माणसाकडे द्या. शिक्षणासारखी ही कामं पोरांकडून करून घ्या.

पाण्यात उतरा असं मी सांगत नाही. आजच्या पाण्यात उतरू नका, पोरांना तर मुळीच उतरू देऊ नका. फक्त जवळ जा. बसा. बघा. पुणेकराची नदीवरची मजा पाण्यापेक्षा काठावरच जास्त झाली आहे, हे मी सुरुवातीला सांगितलंच होतं.

दार होवो न होवो, या महिन्यापासून दर रविवारी सकाळी सहाला मी मुख्य फाटकातून वळसा घालून विठ्ठलवाडीपर्यंत चालत जाणार आहे. गुडघा साथ देईल तितपत हळू. बी विंगमधल्या काकूंनी दुर्बीण शोधून ठेवली आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी गेटवर यावं. परतताना देवळाजवळच्या टपरीवर चहा, तो माझ्याकडून.

सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबियांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत माझी नात लिहील. तिला लिहायला काठावरचं काहीतरी उरावं, एवढंच मागणं.

– ए विंगमधील एक ज्येष्ठ सभासद